खाटेएवढं शेत

ज्युलियस मिस्किटाचं शेत सहा फूट लांब आणि चार फूट रुंद होतं. आमच्या घरातली खाट याहून मोठी होती. तरी त्याला वाफा म्हटलेलं ज्युलियसला खपत नसे. "वाफा मुळ्याचा असतो. हे शेत आहे," असं तो मला निदान वीसदा म्हणाला असेल, आणि मीही वीसदा हसलो असेन.

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या अलीकडे, एक जुनं गावठाण आहे. कौलारू घरं, वळणावर क्रूस, आणि आत राहणारी मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं. पिढ्यान्पिढ्या भात पिकवणारी ही माणसं ऐंशीच्या सुमाराला फिटर, नर्स, टायपिस्ट झालेली होती. ज्युलियस साकीनाक्याच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याचं घर गावठाणाच्या अगदी टोकाला, आणि त्याच्या परसाच्या भिंतीला लागून आमची चाळ. दोन इमारती, चव्वेचाळीस खोल्या, बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली. मधली भिंत एका ठिकाणी पडली होती. त्या भगदाडातून मी रोज संध्याकाळी त्याच्या बागेत जायचो. मी महापालिकेच्या पाणी खात्यात कारकून. दिवसभर लोकांची बोलणी खाल्ल्यावर माणसाला कुठेतरी गप्प बसायला जागा लागते, आणि ज्युलियस काम करताना गप्प असायचा.

तो मात्र आमच्या बाजूला कधीच आला नाही. गणपतीला बोलवा, बारशाला बोलवा, तो भगदाडापर्यंत यायचा, मोदक हातात घ्यायचा, तिथूनच माझ्या आईला "मावशी, बरी हाय ना?" म्हणून विचारायचा आणि परत फिरायचा. मला वाटायचं, धर्माचं काहीतरी असेल. आपल्याला काही कळलं नाही की आपण ते धर्मावर ढकलून मोकळे होतो.

ऑक्टोबर लागला की त्याची बाग बघण्यासारखी व्हायची, पण बघण्यासारखी म्हणजे सुंदर नव्हे. पावसाने माजलेलं सगळं तो निर्दयपणे छाटायचा. जास्वंदीचे नुसते खुंट राहायचे. काकडी-दोडक्याचे वाळलेले वेल ओढून काढायचा आणि एका कोपऱ्यात जाळायचा. जमीन उकरून उन्हाला टाकायचा, कारण ऑक्टोबरचं ऊन मातीतली कीड मारतं असं त्याचा बाप सांगायचा. मग लाल माठ, मुळा, आणि कुंपणावर वाल. कौलांवर मोनिका, म्हणजे त्याची बायको, बियांसाठी ठेवलेली कारली आणि भेंडी वाळत घालायची. एका बाजूला झेंडूची रांग. ती आमच्या दसऱ्यासाठी नव्हे. दोन नोव्हेंबरला त्यांच्यात मेलेल्यांच्या थडग्यांवर फुलं वाहतात, त्यासाठी. आणि मधोमध, सगळ्यांत चांगल्या उन्हाच्या जागी, ते शेत. हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताचं. जूनमध्ये तो त्यात पेरायचा, जुलैत रोपं उपटून परत त्याच चोवीस चौरस फुटांत लावायचा, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी कापायचा.

हा पहिला रविवार म्हणजे त्यांचा आगेरा. नव्या पिकाचा सण. फादर मिरवणुकीने शेतावर येतात, उभ्या पिकावर पवित्र पाणी शिंपडतात, घरातला थोरला माणूस विळ्याने पहिली जुडी कापतो, ती टोपलीत घालून वाजत-गाजत देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेतात. पूर्वी गावठाणाभोवती सगळी खाचरंच होती. नंतर ती विकली गेली, कारखाने आले, चाळी आल्या. उरलं ज्युलियसचं खाटेएवढं शेत. दरवर्षी अख्खी मिरवणूक, बँडसकट, त्याच्या परसात दाटीवाटीने उभी राहायची.

त्याचा चुलतभाऊ डेनिस चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी होता. विमा कंपनीत साहेब, पांढरे बूट. त्याला हा सगळा पोरखेळ वाटायचा. सत्याऐंशीच्या मे महिन्यात त्याने कमिटीत ठराव आणला: वसईहून पेंढ्या विकत आणायच्या, फादरनी त्या देवळाच्या फाटकावर आशीर्वादित करायच्या, तिथूनच मिरवणूक काढायची. ज्युलियसने भांडून भांडून एवढंच पदरात पाडून घेतलं की, जोवर गावठाणात उभं पीक आहे तोवर मिरवणूक शेतावर जाईल. ज्या वर्षी पीक नसेल त्या वर्षापासून कायमचं फाटक. डेनिसने ते लिहून घेतलं आणि ज्युलियसची सही घेतली.

त्या वर्षी पाऊस ओढ देत देत पडला. ज्युलियस कामावर जायच्या आधी विहिरीचं पाणी घालायचा, कामावरून आला की परत घालायचा. चिमण्यांसाठी जाळं लावलं, उंदरांसाठी पिंजरा. तरी पीक बेताचंच आलं. जेमतेम दोनशे वीस लोंब्या. त्याने मोजल्या होत्या. मी म्हटलं, "अरे, भात आहे की सोनं?" तो म्हणाला, "सोनं असतं तर मोजलं नसतं."

दसरा होता शुक्रवारी, दोन ऑक्टोबरला. आगेरा रविवारी, चारला. शुक्रवारी ज्युलियस आणि मोनिका सकाळीच फटफटीवरून वसईला गेले, तिच्या बहिणीकडे बारसं होतं. परत आले तेव्हा अंधार पडला होता.

शनिवारी सकाळी मी दात घासत होतो, तेव्हा भिंतीपलीकडून ज्युलियसने मला हाक मारली. नुसतं "जयवंत" म्हणाला. मी तसाच गेलो. शेतात एकही लोंबी नव्हती. हिरवी-पिवळी पाती होती, ताटं होती, आणि प्रत्येक ताटाचा शेंडा कापलेला. जाळं नीट घडी करून भिंतीवर ठेवलेलं.

"डेनिस," ज्युलियस म्हणाला. "दुसरा कोण? उंदीर जाळ्याची घडी घालतो काय?"

मी जाळ्याच्या घडीकडे बघत होतो, आणि ती घडी मला ओळखीची वाटली. आमच्या घरी चादरी, पिशव्या, वर्तमानपत्रं, सगळ्याची घडी तशीच होते, तीन पदरी, टोक आत खोचलेलं.

"शर्ट घालून येतो," असं म्हणून मी घरी आलो. दारावर कालचं तोरण होतं. झेंडू, आंब्याची पानं, आणि मधोमध भाताच्या पाच लोंब्या. काल मीच ते तोरण खिळ्याला अडकवलं होतं. लोंब्या आईने बाजारातून आणल्या असतील असं मी धरून चाललो होतो. दसऱ्याला मुंबईत फुलवाल्या लोंब्याही विकतात. शेजारच्या दारावर पाच लोंब्या. त्यापुढच्या दारावर पाच. मी मान वळवून दोन्ही इमारतींच्या गॅलऱ्या बघितल्या. प्रत्येक दारावर पाच.

आई आत तांदूळ निवडत होती. तिचं नाव रुक्मिणी, वय सत्तर, मालवणकडची.

"आई, नव्याच्या लोंब्या कुठून आणल्यास?"

"ज्युलेसाच्या परसातसून," ती शांतपणे म्हणाली. "कित्या?"

"विचारलंस त्याला?"

"नव्याक कोण इचारता? गावाक कोणाच्याय शेतातले पाच लोंबी घेतल्यार कोण चोरी म्हणता? उलट शेतवाल्याक पुण्य."

"आणि बाकीच्या बायका?"

"तेंका मियाच सांगलंय. बाजारातलो सुको भात कित्या बांधतास, हंय ताजो असा. सगळ्यांनी पाच-पाच घेतल्यानी. जास्त कोणी घेतल्यानी नाय हां."

नवं बांधायची ही चाल तिच्या गावची. दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या दारावर बांधतात, घरात धान्य कमी पडू नये म्हणून, आणि एकदा बांधल्या की पुढल्या दसऱ्यापर्यंत सोडत नाहीत. सोडल्या तर घरातली लक्ष्मी सोडल्यासारखं. गावी दहा एकरांत पाच लोंब्यांचा काय हिशेब? पण चव्वेचाळीस पंचे दोनशे वीस. मी तिला आगेऱ्याचं सांगितलं. फादर उद्या येणार, डेनिसने सही घेतलीय, सगळं. तिचा हात सुपात थांबला.

"माका काय म्हायत, तेचा शेत तेवढाच असा म्हणान?" ती एवढंच म्हणाली.

बाहेर ज्युलियसने फटफटी सुरू केली होती. जुनी लाल जावा. तो डेनिसकडे निघाला असणार या भीतीने मी धावत गेलो. पण त्याने मागची सीट थोपटली. "बस. कार्ब्युरेटर साफ केलाय, जरा चालवून बघू. फिरून येऊ." मोनिका दारात उभी होती. तिलाही त्याने हेच सांगितलं असावं, कारण ती माझ्याकडे बघत होती. त्या बघण्यात 'याच्यावर लक्ष ठेव' असं होतं.

मला फटफटी आवडत नाही. मागे बसलेल्या माणसाला करण्यासारखं काही नसतं, नुसतं दुसऱ्याच्या पाठीकडे बघत मरणाची वाट बघायची. पण ती सकाळ चांगली होती हे मान्य करतो. आरेच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना गवत पिवळं पडायला लागलं होतं, अजून दव होतं, चतुर उडत होते. उन्हाचा कडाका सुरू व्हायला तासभर अवकाश होता. ज्युलियस शीळ घालत होता. कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, दोन मित्र सुट्टीची मजा करतायत.

फक्त एवढंच की, आरेतल्या पाड्यांजवळ जिथे जिथे उतारावर भाताचा तुकडा दिसे, तिथे तिथे फटफटी आपोआप हळू व्हायची. ज्युलियस मान वळवून बघायचा आणि परत वेग वाढवायचा. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मला कळलं की, आपण फिरायला आलेलो नाही.

हायवेला लागून आम्ही बोरिवलीला आलो. नॅशनल पार्कच्या पुढे एका टपरीवर थांबलो. त्याने चहा सांगितला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"तुमची चाळ आहे ना, ती आमची जमीन. माझ्या बापाने अडुसष्ट साली विकली. माझ्या सिस्टरचं लग्न होतं, त्याचं स्वतःचं ऑपरेशन होतं. शेवटची कापणी मी केली त्याच्याबरोबर. तेव्हा मी अठरा वर्षांचा. दुसऱ्या महिन्यात पाया खणायला घेतला. बाप भिंतीपाशी खुर्ची टाकून बसायचा, बघत. वर्षभरात गेला." त्याने चहा संपवला. "मला तुमचा राग यायचा, खरं सांगतो. तुझा नाय रे. तुमचा. सगळ्यांचा. तिथे धुणी वाळत घालताना बघून. म्हणून मी येत नाय तिकडे. पाय उचलत नाय."

इतकी वर्षं मी त्या भगदाडातून जात होतो आणि हे मला माहीत नव्हतं. आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. डेनिसचं नाव मनात ठेवून हा माणूस उद्या भर मिरवणुकीत काहीतरी करून बसला असता.

"ज्युलियस, डेनिसने नाही कापलं," मी म्हटलं. "माझ्या आईने कापलं. आणि चाळीतल्या बायकांनी. नवं बांधायला." मग मी सगळं सांगितलं, पाच लोंब्यांपासून लक्ष्मीपर्यंत.

तो ऐकत होता. शेवटी त्याने ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला, फटफटीला किक मारली आणि निघून गेला. मला तिथेच टाकून. मी हाकसुद्धा मारली नाही. मारायला तोंड कुठे होतं?

बसचा स्टॉप समोर होता, मी सहज घरी जाऊ शकलो असतो. पण गेलो नाही. उन्हात दोन तास त्या टपरीवर बसलो, तीन चहा प्यायलो आणि आईला, कोकणाला, दसऱ्याला आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. साडेअकराच्या सुमाराला लाल जावा परत आली. ज्युलियस चिखलाने बरबटला होता. मागच्या सीटवर ओलं गोणपाट बांधलेलं आणि त्यातून भाताची हिरवी-पिवळी डोकी बाहेर आलेली. मुळं-मातीसकट उपटलेले वीसेक चुड, म्हणजे रोपांचे झुबके.

"उत्तनला गेलो," तो म्हणाला. "ओळखीच्या माणसाचं शेत आहे. घे, मांडीवर धर. लोंब्या झडता कामा नयेत."

"हे लावणार तू?"

"मग काय तळून खाणार? बस."

बोरिवली ते मरोळ मी ते शेत मांडीवर घेऊन आलो. सिग्नलला लोक बघत होते. चिखलाचं पाणी पॅन्टमधून चपलेत उतरत होतं, आणि भाताची पाती कानात जात होती. ज्युलियस आता शीळ घालत नव्हता.

दुपारभर त्याने ते लावलं. जुनी ताटं उपटली, चिखल केला, नवे चुड ओळीत बसवले, पाणी दिलं. मी बादल्या आणून देत होतो. मोनिका लिंबाचं सरबत घेऊन आली, बघून म्हणाली, "छान दिसतंय. कोणाला कळणार?" ज्युलियसने आणखी एक बादली ओतली. खरोखरच छान दिसत होतं. आधीच्यापेक्षा भरघोस.

संध्याकाळी आई भगदाडापाशी आली. तिला गुडघ्यांमुळे ढिगाऱ्यावरून चढता येत नाही, काल बायकांनी तिला धरून पलीकडे नेलं होतं, आज ती एकटीच तिथे उभी राहिली. माफी मागायला आली असावी असं मला वाटलं. पण तिने शेताकडे बघितलं आणि तिच्यातली शेतकरीण जागी झाली.

"ह्या खंयचा भात?"

मी हातातली बादली खाली ठेवली.

"पिकलेलो भात उपटून कोण लायता?" ती म्हणाली. "सकाळपर्यंत मान टाकतलो. पाद्रीबाबाक कळाचा नाय कदाचित. तुका कळतला." मग, "चूक माझी असा, झिला. म्हातारपणात अक्कल गेली. पण पीक इला नाय असा कोण म्हणता? इला. माझ्या दारार असा. चव्वेचाळीस दारांर असा. येऊन बघ."

ज्युलियस तिच्याकडे पाठ करून हात धूत होता. तो धूतच राहिला. आई जरा वेळ थांबली आणि गेली.

रविवारी सकाळी बँड ऐकू आला तेव्हा मी आधीच बागेत जाऊन उभा होतो. आईचं म्हणणं खरं ठरायची वेळच आली नव्हती, कारण शेत रिकामं होतं. उत्तनचे चुड कडेला गोणपाटात नीट गुंडाळून ठेवलेले. ज्युलियस कोट घालून, हातात विळा घेऊन त्या रिकाम्या चिखलाशेजारी उभा. मोनिका त्याच्या बाजूला, हातात रिकामी टोपली. मी डोळ्यांनी तिला विचारलं, तिने मान हलवली. तिलाही माहीत नव्हतं.

मिरवणूक परसात शिरली. पुढे क्रूस घेतलेला मुलगा, मग फादर, मग लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या, शेवटी बँड. सगळे शेताभोवती उभे राहिले आणि बँड एकेक वाद्याने बंद पडला. डेनिसने चिखलाकडे बघितलं, मग ज्युलियसकडे. त्याला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. त्याचाही बाप याच मातीतला होता. पण ठराव तो ठराव. तो म्हणाला, "फादर, आपलं ठरलंय त्याप्रमाणे..."

"पीक आहे, फादर," ज्युलियस म्हणाला. "चांगलं आलंय. इथे नाय, तिकडे. शेतावर." आणि त्याने विळ्याने चाळीकडे दाखवलं.

तो चालायला लागला. भगदाडापाशी आला, एक क्षण थांबला. मी त्याचे बूट बघत होतो. मग तो त्या पडलेल्या विटांवरून पलीकडे उतरला. फादर तरुण होते, झगा वर धरून तेही उतरले. मग क्रूस, मग म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून, मग पिपाणी आणि मोठा ढोल.

चाळीत रविवारची सकाळ होती. माणसं लेंगा-बनियनवर, बायका नळावर. एवढी वरात बघून सगळ्यांची तारांबळ उडाली. आमची खोली तळमजल्यावर, पहिलीच. आई दारात उभी होती. अंगावर लग्नाकार्याचं लुगडं. म्हणजे तिला खात्री होती. मला नव्हती, ज्युलियसला नव्हती, पण तिला होती.

फादरनी तोरणावर पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली. आता कापायचं. ज्युलियसने विळा वर नेला आणि थांबला. "मावशी, तुमच्यात हे सोडत नाय ना? जयवंत बोलला. वर्षभर सोडायचं नाय."

"सोडूचा नाय," आई म्हणाली. "कापूचा नाय असा कोणी सांगलेला नाय. काप एक. चार रवतत माका."

वरच्या गॅलरीतून एक बाई ओरडली, "आमच्या पन दारावरची घ्या हां!" आणि मग सगळीकडून तसंच सुरू झालं. त्याने आमच्या दारावरची एक लोंबी कापली. मग शेजारच्या, मग त्यापुढच्या. दोन इमारती, तीन मजले, फादर पाणी शिंपडत मागे, आणि नळावरच्या बायका डोक्यावर पदर घेऊन आपापल्या दारांत. चव्वेचाळीस लोंब्यांची एक मुठीएवढी जुडी झाली. डेनिस खाली अंगणात उभा होता. ज्युलियसने जुडी टोपलीत ठेवली तेव्हा त्याने आतल्या लोंब्या बोटाने जरा विस्कटल्या, एक दाणा सोलून तोंडात टाकला, चावला आणि म्हणाला, "हळवं. आपल्याच बियाण्याचं." ठरावाचं काही बोलला नाही.

आता परत फिरायचं होतं. बँडवाल्यांनी वाद्यं तोंडाला लावलीसुद्धा. पण ज्युलियस आमच्या दारापाशी येऊन थांबला होता, उंबऱ्याबाहेर.

"काय बघतस?" आईने विचारलं.

"इथून बांध जायचा," तो म्हणाला. "वरच्या खाचराचा. इथे, तुमच्या दाराच्या आत. बाप जेवायला त्याच्यावर बसायचा."

"मग भायर कित्या उभो? आत ये."

त्याने बूट काढले. विळा दाराशी ठेवला. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊन उभा राहिला आणि जमिनीकडे बघत अंदाज घ्यायला लागला, दारापासून इतकं, भिंतीपासून इतकं. "इथे," तो म्हणाला. तिथे आमची ट्रंक होती.

"जयवंता, ट्रंक सरकव," आई म्हणाली.

मी सरकवली. खाली लादी होती, दुसरं काय असणार? धूळ, एक पिन, एक जुनं तिकीट. आईने पदराने ती लादी पुसली. ज्युलियस कोटासकट खाली बसला, मांडी घालून, जेवायला बसतात तसा, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडायला लागला. त्या खोलीत मी सतरा वर्षं राहत होतो. मला त्या दिवशी माझी फार लाज वाटली. बाहेर फादरनी बँडवाल्यांना हाताने थांबा म्हणून सांगितलं, आणि सगळी मिरवणूक उन्हात, आमच्या दारात, तो उठेपर्यंत उभी राहिली.